मराठी आकड्यातले छप्पन्न

वरची वाडी, पोलादपूर
१९ जून १९६३

राहीबाईस,

नावाआधी काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. 'सौ.' लिहिलं तर तू म्हणशील, ही अक्कल शिमग्याला कुठे गेली होती. दुसरं काही लिहायला माझा हात जात नाही. तेव्हा तसंच राहू दे.

तू माहेरी बिरवाडीला गेलीस त्याला तीन महिने झाले. मधे अक्षय्यतृतीयेला शकूला न्यायला आलीस, तेव्हा ती दाराची चौकट धरून बसली आणि 'मी नाय येत' एवढंच म्हणाली. तू तिच्याकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस. तुझी मुलगी मी फितवली असं तुला वाटलं. मी फितवली नाही. पण ती माझ्यापाशी राहिली याचं मला मनातून बरं वाटलं होतं, हेही खरं. दत्ताराम नाही, सून गेली, निदान नातीने मला निवडलं, असं वाटलं.

आता लिहिते आहे ते शकूसाठी. ती अंगाने बरी आहे. जेवते. वेणी घालताना ओरडत नाही. तू घालायचीस तेव्हा वाडीभर ऐकू जायचं. ते ओरडणं बरं होतं.

दत्तारामच्या पलटणीचं पत्र आलं त्या दिवसापासून तिने लिहिणं सोडलं, ते तू इथे असतानाच सुरू झालं होतं. आपण म्हटलं, बापाचं दुःख आहे, ओसरेल. ओसरलं नाही. ती वाचते, पाढे म्हणते, तोंडी हिशेब करते. हातात पेन्सिल दिली की मूठ मिटून घेते. शाळेत सगळ्यात वळणदार अक्षर तिचं, आणि तिची पाटी कोरी. चौथीत ढकललीय, पण लिहिल्याशिवाय परीक्षा कशी होणार?

शाळेत नवे गुरुजी आलेत, पार्टे म्हणून, महाडचे. वय फार नाही. पहिल्याच आठवड्यात घरी आले. मला वाटलं, तक्रार आली. मी आधीच म्हटलं, "गुरुजी, मारू नका तिला. तिचा बाप लढाईत..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "आजी, ती का लिहीत नाही हे मी तिला विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका."

"मग करायचं काय?"

"वाट बघायची. पण रिकाम्या हातांनी नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेची घंटा तिच्याकडे दिली. लोखंडाचा तुकडा टांगलाय, त्यावर हातोडी मारायची. पेन्सिल न धरणारा हात हातोडी धरतो. एवढंच सांगायचं होतं.

तुझी सासू
तुळजाबाई

वरची वाडी
१४ जुलै १९६३

राहीबाईस,

तुझं उत्तर आलं नाही. कोंडाजी टपाल घेऊन येतो तेव्हा मी दारात उभी राहत नाही, घरातूनच ऐकते. त्याला ते कळतं. पुढे जाताना मोठ्याने म्हणतो, "आज तुळजावयनींचा माझ्यावर राग दिसतोय." माझा राग कोंडाजीवर नाही.

गुरुजींनी शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास सुरू केलाय. ज्या मुलांचे बाप फौजेत आहेत त्यांचा तास. वाडीत अशी तीनच, शकू आणि रायबाची दोन, बायजा आणि नाथू. रायबा लडाखकडे आहे, त्याची पत्रं येतात. मी म्हटलं, यात शिकवणार काय? गुरुजी म्हणाले, काही नाही. बांधावरची माती आणतात, मुलं पडवीत बसून वाटेल ते करतात. बोलावंसं वाटलं तर बोलतात. बायजा एकदा म्हणाली, बाबाचं तोंड आठवत नाय, मिशीच आठवते. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, मिशी आठवते तर मिशीपासून सुरू कर. तिने मातीची मिशी केली, मग मिशीला चेहरा केला.

मी गुरुजींना विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं. ते म्हणाले, त्यांचा थोरला भाऊ मागच्या मोठ्या लढाईत गेला तेव्हा ते दुसरीत होते. "सगळे मला म्हणायचे, अभ्यास कर, शहाणा हो. तुला काय झालंय, असं कुणी बसून ऐकलं नाही. मी दोन वर्षं बोटं चावत होतो." आणि त्यांनी बोटं दाखवली. नखं अजून नीट नाहीत.

शकू त्या तासाला चौकोन करते. पातळ, हाताएवढे, एकसारखे. कडा पाण्याने गुळगुळीत करते आणि ओळीने वाळत ठेवते. नाथू म्हणतो, "शकूचं वड्यांचं दुकान हाय, पण ती कुनाला इकत नाय." गुरुजींना विटा वाटल्या. मला काहीच वाटलं नाही.

मला गुरुजींनी त्या तासाला गोष्ट वाचायला बोलावलं. माझं वाचन तुला माहीत आहे. कुणी शिकवलेलं नाही, अक्षर अक्षर जोडत गेले. 'राजाच्या बागेत' हे मी 'राजा, च्या, बागे, त' असं वाचलं. नाथू म्हणाला, "आजी, तुमची गाडी आंबेनळी घाटातल्या यष्टीसारखी, दर वळणाला थांबते." पोरं हसली, गुरुजी हसले, मीही हसले. शकू हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, आजीची लाज वाटली तिला.

तुझी
तुळजाबाई

वरची वाडी
२० ऑगस्ट १९६३

राहीबाईस,

आज वाईट लिहायचं आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

पंधरा ऑगस्टसाठी शाळेतल्या सगळ्या मुलांनी जवानांना कार्डं लिहिली. शकूने लिहिलं नाही, पण गुरुजींनी ती सगळी कार्डं दोऱ्याने बांधून तिच्या हातात दिली. म्हणाले, कोंडाजी ओढ्यावरच्या साकवापाशी थांबेल, त्याला नेऊन दे. जबाबदारीचं काम म्हणून तिला दिलं. ती गेली, आली, म्हणाली, दिली.

काल कोंडाजी शाळेत शिरला. "गुरुजी, पोरं म्हंतात आमी पत्रं लिवली. ती मला कंदी दिली? मी काय इसरभोळा झालो काय?"

आणि आज सकाळी म्हशीला कोंडा काढायला मी टोपलीत हात घातला, तर तळाशी दोरा हाताला लागला. सगळी कार्डं तशीच.

राही, मी तिला मारलं. पलटणीचं पत्र आल्यापासून तिला कुणी बोट लावलं नव्हतं. मी कानाखाली मारली. आणि तोंडाने बोलले ते त्याहून वाईट. मी म्हटलं, तुझा बाप गेला म्हणून दुसऱ्यांच्या बापांनाही पत्र मिळू नये होय गो?

ती रडली नाही. पुढे आली आणि कार्डं माझ्या हातातून घेऊन पोटाशी धरली. म्हणाली, "नका पाठवू, आजी. रायबाकाका पण जाईल."

मी विचारलं, कुठे जाईल. तिने कार्डं आणखी घट्ट धरली.

दुपारी बनुबाई चुलीतला निखारा न्यायला आली. शिमग्याच्या दिवशी तुझ्या कपाळावरच्या कुंकवावरून जी बोलली, तीच. म्हणाली, "पोरीच्या अंगात कायतरी हाय. भगताला दाखवा." मी म्हटलं, अंगात असलं तर माझ्या आहे, निखारा घे आणि जा.

तू असतीस तर मारलं नसतंस. हे मी लिहिते आहे, कारण उद्या मला तिला घेऊन गुरुजींकडे जायचं आहे, आणि तिथे काय निघेल याची भीती वाटते.

तुळजाबाई

वरची वाडी
२४ ऑगस्ट १९६३

राही,

कार्डं घेऊन आम्ही गेलो. मी गुरुजींना म्हटलं, शिक्षा द्या पण शाळेतून काढू नका. त्यांनी माझं अर्धंच ऐकलं. पोरं मैदानात होती. ते शकूसमोर जमिनीवर बसले, खुर्चीत नाही.

"ही कार्डं तू सांभाळून ठेवलीस. भिजू दिली नाहीस. मला वाटतं तुला कुणाला तरी वाचवायचं होतं. कुणाला?"

मी याच कार्डांसाठी मारलं होतं, आणि हा माणूस म्हणतो, सांभाळून ठेवलीस.

शकू म्हणाली, "रायबाकाकाला."

"कशापासून?"

"बे पत्ता होईल."

"म्हणजे काय होईल?"

"पत्ता चुकला की मानूस बे पत्ता होतो. बाबाचा पत्ता मी लिवला होता."

राही, ते चौकोन वड्या नव्हत्या, विटाही नव्हत्या. ती आंतरदेशी पत्रं होती. कोरी. पत्ता न लिहिलेली.

आता मला माझं लिहिलं पाहिजे. मार्गशीर्षात पलटणीचं पत्र आलं तेव्हा तू नदीवर होतीस. पाकिटात इंग्रजी कागद होता आणि त्याला जोडून मराठीतला एक. तो मी वाचला, शकू शेजारी. तू परत आलीस तेव्हा मी तुला म्हणाले की मी आधी मनात वाचून समजले आणि मग शकूला सांगितलं. तसं झालं नाही. मी मोठ्याने वाचलं, जसं वाचते तसं. "दत्ताराम, उतेकर, हे, दिनांक," आणि मग "बे," आणि थांबले, आणि "पत्ता." मला शब्द कळला. शकूने विचारलं, "आजी, पत्ता चुकला काय?" मला तिला गप्प करायचं होतं. मी म्हटलं, "हो गो बाय, पत्ता चुकला त्याचा. आता काय विचारू नको."

आठ वर्षांच्या मुलीने ते धरून ठेवलं. दत्तारामला जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर तीच पत्ता काढायची ना. इंग्रजी येत नाही, पण त्याने लिहून दिलेल्या कागदावरून एकेक अक्षर चित्रासारखं उतरवायची. तुझं इंग्रजी अक्षर किड्यामुंग्यांसारखं येतं म्हणून त्यानेच ते काम तिला दिलं होतं. 'माझी पत्तेवाली' म्हणायचा.

गुरुजींनी फळ्यावर 'बेपत्ता' लिहिलं, एका दमात, वर सलग रेघ ओढून. म्हणाले, "हा एकच शब्द आहे. माणूस कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही, एवढाच याचा अर्थ. पत्रावरच्या पत्त्याशी याचा काही संबंध नाही. आजींनी तोडून वाचला म्हणून तुला तसं वाटलं." ते माझ्यासमोरच म्हणाले. मी मान हलवली. म्हटलं, "मी चुकीचं वाचलं, शकू. आणि चुकीचं सांगितलं."

मला वाटलं, झालं. पण तिने फळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पन शेवटच्या पत्रावर छप्पन्न मी मराठीत काढले."

दसऱ्याच्या पत्राच्या वेळी देवळीतल्या कागदावर दिव्याचं तेल सांडलं होतं, तेव्हा तिने पत्ता आठवून लिहिला. सगळी इंग्रजी अक्षरं आठवली, पण फौजेच्या टपालाचा छप्पन्नचा आकडा तिने आपला, पाढ्यातला, काढला. ५६. हे तिला पलटणीचा कागद आल्यावर आठवलं. तेव्हापासून ती मूठ मिटून आहे.

गुरुजी म्हणाले, "टपालवाल्यांना कळलं असेल गं." ती म्हणाली, "तुमाला काय ठाव?"

त्यांना ठाऊक नव्हतं. ते कशावरून कळेल हे मला ठाऊक होतं, राही. पण मी गप्प राहिले. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. आज लिहिण्याचा धीर नाही.

तुळजाबाई

वरची वाडी
९ सप्टेंबर १९६३

राही,

पंधरा दिवस गेले. रोज कागद घेतला आणि ठेवला.

तुझे सासरे मागच्या मोठ्या लढाईत कामी आले ते तुला माहीत आहे. कसं कळलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. कागद आला तो वाडीतल्या महिपतने वाचला. चांगला माणूस. माझ्याकडे बघितलं, दत्ताराम माझा पदर धरून उभा होता, आणि म्हणाला, "बरा हाय. दिवाळीनंतर येतो म्हंतो." तीन दिवस मला कुणी सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत गौरी आल्या. मी नवी हिरवी काकणं भरली, फेर धरला, गाणी म्हटली. आणि वाडीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. त्या माझ्याबरोबर फेर धरत होत्या.

महिपतने दयेपोटी केलं. पण त्या तीन दिवसांसाठी मी त्याला कधी क्षमा केली नाही. म्हणून मी वाचायला शिकले, की माझा कागद दुसऱ्याच्या हातात राहू नये.

आता ऐक. माघात, तू इथे असतानाच, कोंडाजीने माझ्या हातात एक पत्र दिलं. तुमचंच, दसऱ्याचं. परत आलेलं, न उघडलेलं. आत तुझी अक्षरं, बाहेर शकूची. मी ते ट्रंकेत लुगड्याखाली ठेवलं. वाटलं, या दोघी हे बघतील तर उरलीसुरली आशा जाईल. तुला सांगितलं नाही. शकूला सांगितलं नाही. महिपतने माझ्याशी केलं तेच मी तुमच्याशी केलं, आणि त्याने तीन दिवस केलं, मी सात महिने केलं.

आणि ज्या दिवशी शकू म्हणाली 'तुमाला काय ठाव', त्या दिवशीही मी गप्प बसले, कारण पत्र बाहेर काढलं की लपवलं होतं हेही बाहेर येणार. नातीसमोर मान खाली जाईल म्हणून मी तिला आणखी पंधरा दिवस तशीच ठेवली. हे सगळ्यात वाईट.

आज सकाळी ट्रंक उघडली, चांगल्या उजेडात. त्या पत्रावर काय आहे ते मी नीट बघितलंच नव्हतं. बघितल्यावर मात्र लगेच डोक्यावर पदर घेतला आणि शाळेत गेले. तिथे काय झालं ते लिहायला वेगळा कागद पाहिजे. एवढंच लिहिते की ते पत्र तुझं आहे, मी उघडलेलं नाही, आणि ते तुझ्या हातात पोचेल.

तुळजाबाई

वरची वाडी
१६ सप्टेंबर १९६३

राही,

आता हात हलका आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शाळेत गेले तेव्हा गणिताचा तास होता. मी दारातूनच म्हटलं, "गुरुजी, शकूचं पत्र माझ्यापाशी होतं. मी लपवून ठेवलं होतं." सगळ्या पोरांनी ऐकलं. ऐकू दे म्हटलं.

गुरुजींनी पत्र उलटसुलट केलं आणि म्हणाले, "हे मी समजावू नये. ज्याचं काम आहे त्याने समजवावं." त्यांनी नाथूला साकवाकडे पळवलं. कोंडाजी आला, टोपी काढून घाम पुसला, आणि पत्र हातात घेतल्यावर एकदम मोठ्या पोस्टाचा साहेब झाला.

"ये गो शकू, अशी हितं बस. हा बघ पोलादपूरचा शिक्का, हा मी स्वता मारलेला हाय, तिरका पडलाय. हा महाडचा. हा मुंबईचा. हे बाकीचे कुठले ते मला पन ठाव नाय, पन लई लांबचे हायत. आनी हे काय हाय?"

पत्त्यातल्या ५६ भोवती निळ्या पेन्सिलीने गोल केलेला होता, आणि शेजारी त्याच पेन्सिलीने इंग्रजी छप्पन्न.

"हे आमच्यातल्याच कुनीतरी केलंय," कोंडाजी म्हणाला. "बसला आसंल एकादा मराठी मानूस पत्रं निवडत. तुझं छप्पन्न दिसल्यावर हसला आसंल, म्हनला आसंल, ही आपल्याकडची पोर. आनी बाजूला विंग्रजी लिवलं."

"म्हंजे पोचलं?"

"पोचलं गो. हितं बघ, पलटनीचा शिक्का. गुरुजी, हे तांबडं काय लिवलंय ते वाचा." गुरुजींनी वाचलं. तिथे लिहिलं होतं की हा माणूस बेपत्ता आहे, पत्र परत पाठवावं. कोंडाजी म्हणाला, "पोचलं तवाच तर परत आलं. न पोचलेलं पत्र तिथनं कसं परत येनार?"

शकूने पत्र हातात घेतलं. त्या निळ्या गोलावर बोट फिरवलं, परत परत. मग विचारलं, "म्हंजे बाबा आधीच नव्हता?"

गुरुजी म्हणाले, "हो. पत्र पोचलं तेव्हा तो तिथे नव्हता. तो परत येईल की नाही ते मला ठाऊक नाही, शकू, आणि मी तुला खोटं सांगणार नाही. पण तुझा पत्ता बरोबर होता."

तेव्हा ती रडली. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी, हुंदके देऊन. बायजा उठून तिच्या शेजारी जाऊन बसली, कुणी न सांगता. मी पुढे व्हायला गेले तर गुरुजींनी हात केला, राहू द्या. मी चौकटीला टेकून उभी राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण राही, छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलत असल्यासारखं ते पाणी होतं.

तिने लगेच पेन्सिल धरली नाही. तीन दिवसांनी गुरुजींनी हजेरी घेतली तेव्हा फळ्यावर जाऊन तिने स्वतःच काहीतरी लिहिलं. काय लिहिलं माहीत आहे? इंग्रजी 56, आणि शेजारी मराठी ५६, आणि खाली 'दोन्ही चालतात'. गुरुजींनी तो फळा दोन दिवस पुसू दिला नाही. पोरं म्हणाली, मग गणित कुठे करायचं? म्हणाले, भिंतीवर करा.

जवानांची कार्डं तिनेच कोंडाजीच्या हातात दिली. उशिरा गेली, पण गेली. वरून तिने स्वतःचं एक ठेवलं, रायबाकाकाला.

तुळजाबाई

वरची वाडी
२० ऑक्टोबर १९६३

चि. राही,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. 'सगळी पत्रं वाचली. शकू का आली नाही ते अजून कळत नाही.' मी त्या दोन ओळी न तोडता वाचल्या. आता मी शब्द आधी मनात पुरा करते आणि मग तोंडाने काढते. शनिवारच्या तासाला सराव होतो. नाथू म्हणतो, आजींची यष्टी आता जलद झाली.

तू विचारलंस ते मीही शकूला विचारलं. वेणी घालत होते. आता ओरडते, हे सांगायचं राहिलं. वाडीभर ऐकू जातं.

मी म्हटलं, "अक्षय्यतृतीयेला आईबरोबर का नाय गेलीस गो?"

म्हणाली, "बाबाला हाच पत्ता ठाव हाय. सगळी गेली तर तो आल्यावर कुनाला हाक मारंल? मी पत्ता राखत होते."

म्हणजे तिने मला निवडलं नव्हतं, राही. आणि तुला सोडलंही नव्हतं. ती चौकट धरून बसली होती, कारण तिच्या मनात ती चौकटच पत्ता होती. सहा महिने मी मनातल्या मनात सुखावत होते, ते फुकट. पण खरं सांगते, हे ऐकल्यावर मला वाईट वाटलं नाही. हलकं वाटलं. नातीवर माझा हक्क चालवायची गरज उरली नाही.

तिला तुझ्याकडे यायचं आहे. मला म्हणाली, "पन मग हितं पत्र आलं तर?" आम्ही परत कोंडाजीला धरलं. तो म्हणाला, पोस्टात अर्ज दिला की इकडचं पत्र तिकडे फिरवतात, जुना पत्ता खोडून नवा लिहितात. शकूने तो अर्ज शाळेत लिहिला. गुरुजींनी एक शब्द सांगितला नाही. तीन ओळींचा अर्ज तिने सहा वेळा लिहिला, कारण दर वेळी एखादा काना वाकडा आला. कोंडाजीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि डोक्याला लावला. "आता पोस्टाचं काय चुकलं तर माझी नोकरी गेली म्हनून समज," म्हणाला. शकू म्हणाली, "चुकलं तरी निळी पेन्सिल हाय."

आणि मी इथेच आहे. ती गेली तरी पत्ता राखायला माणूस लागेल, तो मी. तसं तिला सांगितलं, तेव्हा ती तयार झाली. गुरुजींनी बिरवाडीच्या शाळेतल्या गुरुजींना चिठ्ठी लिहून दिलीय. त्यात काय आहे ते मी वाचलं नाही, पण मला तोंडी म्हणाले, तिथेही फौजेतल्यांची पोरं आहेत, शनिवारचा तास तिथेही सुरू करा असं लिहिलंय, आणि माती कशी मळायची ते शकू दाखवील.

आता शिमग्याचं. मी तुला कुंकू पुस म्हटलं नव्हतं. थोडं बारीक लाव म्हटलं होतं, बनुबाईचं तोंड बंद व्हावं म्हणून. तू म्हणालीस, "बारीक म्हंजे काय, थोडा मेलाय असं?" तुझा प्रश्न बरोबर होता. चीनने धरलेले लोक वैशाखात सुटून आले, त्यांत तो नव्हता. तो येईल असं मला वाटत नाही. हे तुझ्यापासून लपवणार नाही, लपवण्याने काय होतं ते बघितलं. पण माझं वाटणं तुझ्या कपाळावर लिहायचा मला अधिकार नाही. जसं लावत होतीस तसं लाव. कधी थांबायचं ते तुझं तू ठरव, किंवा ठरवू नको.

दिवाळीच्या आदल्या सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी निघू. महाडला गाडी बदलून बिरवाडीला. ती दसऱ्याचं पत्र स्वतः तुझ्या हातात देणार आहे. तिने अट घातलीय की मी त्याला हात लावायचा नाही. मी तिला तुझ्यापाशी ठेवून दुसऱ्या दिवशी परत येईन. राहा म्हणालीस तर दोन दिवस राहीन.

हे पाकीट बघ. पत्ता तिने काढलाय. नावाआधी काय लिहायचं ते तिने मला विचारलं. मी अडले, जशी पहिल्या पत्रात अडले होते. म्हटलं, तुला जे बरोबर वाटेल ते लिही, तू पत्तेवाली आहेस. तिने पेन शाईत बुडवला, जरा विचार केला आणि लिहिलं:

माझी आई राहीबाई दत्ताराम उतेकर, मु. बिरवाडी, ता. महाड, जि. कुलाबा.

कोंडाजीने वाचलं आणि म्हणाला, हा पोचनार.

तुझी
तुळजाबाई